पांढऱ्या मोराचं बेट

आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, पाण्याची भीती वाटायची, हे मी आज पहिल्यांदा उघड बोलते आहे. ते असते तर माझी धडगत नव्हती. सहा फूट उंच माणूस, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, बैलगाडीचं चाक एकट्यानं उचलणारा. पण पंचगंगेवर आंघोळीला गेले की गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचे नाहीत. तांब्यानं अंगावर घ्यायचे आणि पाणी लई गार हाय म्हणायचे. भर वैशाखातसुद्धा.

दादांचा कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा व्यापार होता. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मालवणच्या एका व्यापाऱ्याला ट्रकभर गूळ पोचवायचा असायचा. अठ्ठेचाळीस सालापासून त्या ट्रकवर आम्हीही जायला लागलो. पुढं ड्रायव्हर जोतीरामशेजारी दादा, मागं गुळाच्या रव्यांवर, म्हणजे ढेपांवर, सतरंजी टाकून आई, मी आणि माझा धाकटा भाऊ गुंडू. राधानगरी, दाजीपूर, मग फोंड्याचा घाट. उन्हानं गूळ पाझरायचा, परकर सतरंजीला चिकटायचा, मुंगळे चावायचे ते वेगळंच. पण काय मजा होती, विचारू नका. अजून कुठं ताज्या गुळाचा वास आला की मला समुद्र आठवतो. लोक हसतात, हसू देत.

गूळ उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर जायचं. बेट म्हणजे समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला, बंदरावरून होडीनं पाव तास. आणि दरवर्षी होडी लागली की दादांना काहीतरी व्हायचं. एका वर्षी पोटात कळ. एका वर्षी व्यापाऱ्याशी बोलायचं राहिलेलं. एका वर्षी सामानाजवळ कोण बसणार म्हणून अडले. सामान म्हणजे काय, तर एक वळकटी आणि एक फणस. आई चकार शब्द काढायची नाही. आम्हाला घेऊन होडीत बसायची आणि दादा बंदरावरच्या झावळ्यांच्या मांडवाखाली फणसाची राखण करायचे.

बेटावर आम्ही नुसतं हुंदडायचो. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. महाराजांचं देऊळ, चुन्यात उमटलेला हाताचा ठसा, आणि दोन फांद्या फुटलेला एक माड. माडाला फांद्या, ऐकलंय कधी? तटावर उभं राहिलं की वाऱ्यानं आईचा पदर उडायचा आणि ती तो सावरायची नाही. कोल्हापुरात जिचा पदर मी कधी डोक्यावरून खांद्यावर आलेला पाहिला नाही, ती आमची आई.

घरात ती बोलायचीच नाही. बोलायला जागा कुठं होती? दादा होते की. सकाळी चूळ भरताना सुरू व्हायचे ते घोरायला लागेपर्यंत. पण बेटावरून परतून होडीतून उतरली की ती मांडवाखाली दादांच्या समोर बसायची. वर्षातून तेवढा एक तास ती बोलायची आणि दादा ऐकायचे. होडी कशी डुलली, दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत कसा दिसत नाही, आत गेल्यावर कुठं वळायचं, माडाच्या कुठल्या फांदीला जास्त नारळ. ती थांबली की दादा म्हणायचे, ‘मग?’ जन्मात दुसऱ्या कुणाला ‘मग?’ म्हणालेला माणूस नव्हे तो. त्यांच्या हातातला चहा निवून जायचा.

आता बेट काही दरवर्षी बदलत नाही. तिसऱ्या वर्षी आईचं सांगून संपलं आणि दादा नेहमीसारखे ‘मग?’ म्हणाले. आईनं एकदा समुद्राकडं पाहिलं.

‘औंदा तिथं एक पांढरा मोर आलाय,’ ती म्हणाली.

मी तिथंच होते. मोर सोडा, मोराचं पीससुद्धा नव्हतं. मी तोंड उघडलं, तोच आईनं मला असा चिमटा काढला की मी गपगार झाले. पुढच्या वर्षी त्या मोराला लांडोर मिळाली.

आणि इकडं कोल्हापुरात दादा काय करायचे? गंगावेशीत चहाच्या दुकानात बसून बेट सांगायचे. दरवेळी ‘आमी गेलतो’ म्हणायचे, ‘मी’ कधी नाही, तेवढा प्रामाणिकपणा होता. पण ऐकणाऱ्याला काय कळणार? विहिरी, माड, ठसा, मोर, सगळं असं रंगवायचे की माणसं कामं विसरून बसायची. मी मनात म्हणायची, धन्य आहे.

बावन्न साली हे अंगाशी आलं. आमच्या शेजारी हंबीरराव राहायचे, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. त्यांनी जाहीर केलं की औंदा ते आणि त्यांची बायको तानाबाई आमच्याबरोबर येणार, आणि तो पांढरा मोर बघितल्याशिवाय परतणार नाहीत. दादा सगळ्यांसमोर ‘या की’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? होडीत बसले नाहीत तर चार वर्षांची पोल खुलणार आणि गंगावेशीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. इकडं आईला घोर लागलेला, तो मोराचा. दोन दिवस तिच्या भाकरी करपत होत्या. एकमेकांशी दोघंही बोलायला तयार नाहीत. माझाच जीव टांगणीला लागला होता.

फोंड्याचा घाट उतरेपर्यंत दादा गप्प. जोतीरामनं दोनदा विचारलं, बरं न्हाय का. बंदरावर होडी लागली तशी आई हंबीररावांना म्हणाली की तुम्ही पुढं व्हा, सामानाजवळ कुणीतरी पाहिजे. हवालदारांनी वळकटी उचलून सरळ व्यापाऱ्याच्या गड्याकडं दिली आणि हाक मारली, ‘चला दादा, वाट तुमच्या पायाखालची.’

दादा उठले. धोतर खोचलं. होडीत मधोमध बसले, डोळे मिटले आणि आईचा हात धरला. चारचौघांत, दिवसाढवळ्या. त्या काळी नवरा-बायको रस्त्यानं चार पावलं अंतर ठेवून चालायचे, तिथं हे. होडी लाटेवर चढली की आईची बोटं पांढरी पडायची, इतकं त्यांनी आवळलेलं. तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. हंबीररावांना मात्र कसं राहवेल?

‘वहिनी घाबरल्या वाटतं,’ ते म्हणाले.

आई जन्मात पाण्याला भ्यालेली नव्हती. ती म्हणाली, ‘व्हय भावजी. मला लई भ्या वाटतंया. मीच म्हटलं ह्यास्नी, हात सोडू नगा म्हणून.’



बेटावर पाय लागला आणि दादांच्या अंगात जीव आला. आणि काय सांगू, त्या माणसानं एकदाही वाट चुकवली नाही. दरवाजा हा असा लपलेला, आत गेलं की असं वळा, ही विहीर, ती विहीर, माडाच्या ह्या फांदीला नारळ जास्त. बोट ठेवून दाखवत होते. आईनं चार वर्षं सांगितलेलं अक्षर न् अक्षर त्यांनी जपून ठेवलं होतं. मला आजवर वाटायचं, ते नुसते ‘मग?’ म्हणतात. हंबीरराव तर गारच झाले.

मग देवळापाशी सावलीत बसून हवालदारांनी घाम पुसला आणि विचारलं, ‘मोर कुठं हाय, दादा?’

आईचा चेहरा उतरला. दादा आधी विहिरीकडं बघायला लागले, मग झाडांकडं. त्यांनासुद्धा तो बघायचाच होता, खरं तर सगळ्यांत जास्त. मग त्यांनी आईकडं पाहिलं. ती खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती. दादांचा राग मला माहीत होता. खोटं बोललं म्हणून त्यांनी गुंडूला एकदा जेवणावरनं उठवलं होतं.

‘मोर काय तुमच्या हुकमाचा शिपाई हाय, हवालदार?’ दादा म्हणाले. ‘ऊन लागलंय, बसला असंल कुठं सावलीला. सकाळी दिसतोय. मी सोता बघितलाय.’

पहिल्यांदाच ते ‘मी’ म्हणाले.

परतताना होडीत त्यांनी डोळे उघडे ठेवले. बंदरावर उतरून मांडवाखाली चहा आला, आणि दादा नि हंबीरराव जे बोलत सुटले ते बोलतच राहिले. आई समोर बसली होती. सांगायला तिच्याकडं काही नव्हतं, दादांनी सगळं बघितलेलं. एकदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला दादांचा असा राग आला. धीट झालात तर व्हा, पण माझ्या आईचा तास का खाल्ला?

पुढच्या वर्षी हंबीरराव आले नाहीत. मुंगळ्यांना कंटाळले म्हणे. दादा मात्र वर्षभर कुणालाही समुद्राच्या गोष्टी सांगत सुटलेले. होडी लागली तसे सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले, गुंडूला उचलून आत ठेवलं, मला ठेवलं आणि आईला हात दिला. आईनं हात धरला. चेहरा घरी चुलीपुढं असतो तसा. तक्रार नाही, काही नाही. दादा तिच्याकडं बघत तसेच गुडघाभर पाण्यात उभे राहिले.

मग त्यांनी तिला होडीत बसवलं आणि स्वतः मागं फिरले.

‘पोटात कळ आलीया,’ ते म्हणाले. ‘तुमी जाऊन या.’

‘कळ?’ आई म्हणाली.

‘व्हय. आल्यावर सगळं सांग.’

त्या दिवशी तटावर आई गुंडूबरोबर पळाली. खोटं नाही सांगत, पळाली. परत आलो तेव्हा दादा मांडवाखाली फणसाशेजारी बसले होते. आई त्यांच्या समोर बसली आणि बोलायला लागली. होडी, दरवाजा, विहिरी, माड. चहा निवून गेला. बोलता बोलता ती थांबली.

‘मग?’ दादा म्हणाले.

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. ‘मोराला पिल्लं झाल्यात,’ ती म्हणाली.

‘किती?’

‘तीन.’

‘त्यातलं एखादं पांढरं हाय का?’

‘दोन हाईत,’ आई म्हणाली, आणि दादा फणस बाजूला सारून तिच्या आणखी जवळ सरकले.