डाल सांगते, मला जाळा

मी एक जुनी डाल आहे, कोंबड्या झाकायची बांबूची डाल. मित्रांनो, जुन्या वस्तू ‘आम्हाला जपा’ म्हणून तुम्हाला विनवतात. मी मुळीच विनवणार नाही. मला जाळा!

बाजारकुणंगच्या लखूने मला विणले. त्याची सून रुक्मा रोज तिन्हीसांजेला कोंबड्या माझ्याखाली डालायची. एकदा रानमांजराने नखे मारमारून मला ओरबाडले, पण मी बांबूची एकही कामटी सैल सोडली नाही. रुक्माने शेजारपाजारी माझे कौतुक सांगितले. त्याचा मला आजही गर्व आहे.

मग रुक्माने रामनगरच्या बाजारातून एक गुबगुबीत कोंबडी आणली आणि थेट इतरांत डालली. तिच्यासोबत मानमोडीचा रोग आला. माना पिळवटल्या, हिरवी हगवण लागली, सगळ्या कोंबड्या गेल्या. रुक्माने त्या पुरल्या, अंगण सारवले. मला मात्र सासऱ्याच्या हातची म्हणून नुसते झटकून घरामागच्या सावलीत टांगले. रोग माझ्या विणीतल्या वाळक्या घाणीत दबा धरून बसला. माझ्याच अंगात! मला असा संताप आला!

काही आठवड्यांनी शेजारच्या सावित्रीने अंडी उबवायला बसणारी खुडूक कोंबडी वाट्याने दिली. आमच्याकडे तशी रीतच आहे, पिल्ले अर्धी तिची, अर्धी हिची. रुक्माने ती अंड्यांवर माझ्याखालीच बसवली. पिल्ले निघाली आणि माना टाकून मेली. कोंबडीही गेली, तीही दुसऱ्याची! रुक्मा सावित्रीला तोंड दाखवीना.

लस द्यायला येणाऱ्या सुमंगलाने माझी वीण नखाने खरवडली. “रोग हितंच बसलाय. ही जाळा. नव्या पिल्लांच्या डोळ्यांत लसीचा थेंब घाला.”

आज सावित्री पुन्हा कोंबडी घेऊन दारात उभी आहे. “ही बी गेली तर परत वाटा न्हाई, रुक्मा.”

रुक्मा मला कवटाळून रडते आहे. “मामांच्या हातची हाय. जाळू कशी?”

म्हातारा लखू काठी टेकत उठला आहे. “आगं, हात हायत की माझं अजून. दुसरी इणतो.”

शाबास, लखू! मित्रांनो, जीव लावायचा तर पिल्लांना लावा, वेळेवर लस द्या, बाजारची कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. मी कोंबड्या राखायला जन्मले, रोग राखायला नाही. तो माझ्या विणीत आहे तोवरच गाठा त्याला. रुक्मा, सोड मला. लखू, ओढ काडी!