बापाच्या बैलाचं नाव

“पोरीला तिची बोली येऊ द्या, मास्तरीणबाई,” अनाथाश्रमाच्या फाटकाशी बसलेला म्हातारा पहारेकरी एकिदोर म्हणाला होता. “तोंडवळा आमच्या उत्तरेकडच्या तुर्काना लोकांचा आहे. रोज घटकाभर माझ्यापाशी बसवा. कधीतरी तिला जीभ दाखवायला सांगतील.”

मास्तरीणबाई वांगेची तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच गावच्या शाळेत लागली होती. ती हसली. “जीभ डॉक्टर बघतात, आजोबा. परीक्षा स्वाहिलीत आणि इंग्रजीत असते. गणित शिकवत असाल तर बसवते.”

पुढे म्हातारा वारला. वांगेचीचं लग्न झालं, तिला मूल झालं. आणि ती पोर, न्यागुथी, अठराची झाली.

न्यागुथी दोन-अडीच वर्षांची असताना बसच्या अड्ड्यावर सापडली होती. सारखा एकच शब्द रडून सांगत होती. तो कुणाला कळला नाही आणि नंतर तीही विसरली. वांगेचीची आई आश्रमाची मेट्रन. तिनं त्या लेकराला आपल्या मेलेल्या आईचं नाव दिलं. तिच्यासारख्या किकुयु घरात आजीचं नाव नातीला जातं, आणि ज्याचं नाव दिलं ते माणूसच परत आलं असं मानतात. त्यामुळे ही धिप्पाड बाई त्या चिमुरडीला “आई, नाक पूस,” “आई, चड्डी घाल” असं म्हणत मागे धावायची, आणि आश्रमातली पोरं पोट धरून हसायची.

तीच न्यागुथी आता गावच्या सरकारी अधिकाऱ्याच्या, चीफच्या, पत्र्याच्या कचेरीत उभी होती. नर्सिंगच्या शाळेत तिचा नंबर लागला होता, पण ओळखपत्राशिवाय प्रवेश नव्हता. आश्रमातली खाट तर अठरा पुरी होताच सुटायची. चीफच्या दोन्ही बाजूंना गावातले वडीलधारे बसले होते. ते ज्याला आपला म्हणतील त्याला ओळखपत्र.

“ही तुमची कोण?” चीफनं विचारलं.

“माझी आई,” मेट्रनबाई सवयीनं बोलून गेली.

म्हातारे खो-खो हसले. “मग हिचीच पेन्शन चालू करा, साहेब!”

“मुलगी,” ती घाईनं म्हणाली. “माझी मुलगी आहे. लिहा.”

पाठीवरच्या बाळाला थोपटणारा वांगेचीचा हात थांबला. आयुष्यात कधी खोटं न बोललेली तिची आई भर कचेरीत खोटं बोलत होती, आणि वांगेचीला वाटलं, जमलं.

तेवढ्यात वडीलधाऱ्यांच्या रांगेतून काठी आपटली. कामांडेकाका, तिच्या वारलेल्या वडिलांचा धाकटा भाऊ.

“मग बापाचं नाव कुणाचं घालायचं, वहिनी? माझ्या भावाचं?”

“काका, तिला फक्त ओळखपत्र हवंय,” वांगेची म्हणाली. “जमीन नकोय.”

“जमीन नको म्हणूनच सुरुवात होते, पोरी. आज कागदावर नाव, उद्या शेतात खुंटी.”

न्यागुथी पुढे झाली. “आजोबा, मी लिहून देते. तुमच्या ढेकळालासुद्धा हात लावणार नाही.”

“अरे, ही तर आपल्यासारखीच बोलते की!” एक म्हातारा कौतुकानं म्हणाला.

“पोपटही बोलतो,” कामांडेकाका म्हणाले.

चीफनं डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. “मेट्रनबाई, चेहरा उत्तरेचा दिसतोय. तुर्काना लोकांकडं न्या. तिथल्या म्हाताऱ्यांनी ‘आमची’ म्हटलं, की झालं.”

तापत्या मुलखात तान्हं बाळ न्यायला आईचा विरोध होता. वांगेचीनं ऐकलं नाही. बसमध्ये दर थोड्या वेळानं ती बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतो का ते बघत होती. न्यागुथी खिडकीला नाक लावून बसली होती.

“ताई, इथल्या बायका माझ्यासारख्याच उंच आहेत. बघ ना! आश्रमात मला सगळे खांब म्हणायचे.”

“मग आता खांबांच्या गावाला चाललीस,” वांगेची म्हणाली, आणि दोघी पुष्कळ दिवसांनी खळखळून हसल्या.

तिकडचे वडीलधारे काटेरी झाडाखाली छोट्या लाकडी बैठकांवर टेकले होते. त्यांचा चीफ तरुण होता, तोच त्यांचं बोलणं स्वाहिलीत करून सांगत होता. गळाभर मणी घातलेली एक म्हातारी उठली. तिनं न्यागुथीची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, कपाळावरून अंगठा फिरवला आणि काहीतरी बोलली.

“आजी म्हणते, चेहरा आमचा आहे.”

न्यागुथीचे डोळे भरले. वांगेचीनं बाळाला एकदम घट्ट धरलं, तसं ते रडायला लागलं.

म्हातारीनं दुसरं काही विचारलं. सगळे उत्तराची वाट बघू लागले.

“तुझ्या बापाच्या बैलाचं नाव काय?”

“बैलाचं?”

“आमच्यात पुरुषाचा एक लाडका बैल असतो. त्याच्यावर तो गाणी रचतो. त्या बैलाच्या नावानं पुरुषाला हाक मारतात. बापाचं नाव विसरेल एखादं पोर, बैलाचं नाही विसरत.”

न्यागुथीनं वांगेचीकडे पाहिलं. मग तिच्यापाशी जे होतं ते तिनं सांगितलं. “आश्रमात गाय होती. तिचं नाव मर्सी.”

चीफनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. झाडाखाली हशा उसळला. म्हातारी मात्र हसली नाही. तिनं हनुवटी सोडली आणि हळू आवाजात काही म्हणाली.

“काय म्हणाली?” न्यागुथीनं विचारलं.

तरुण चीफ जरा घुटमळला. “म्हणते, घर आमच्यासारखंच आहे, पण आतून परकं माणूस बोलतंय.” मग तो वांगेचीकडे वळला. “बाई, सीमेपलीकडच्या लोकांचे चेहरेही असेच असतात. नाव तुमचं, बोली तुमची. मी कशावर सही करू? परत घेऊन जा.”

परतीच्या प्रवासात न्यागुथीनं बाळाला मांडीवर घेतलं, ते दिवसभर उतरवलं नाही.

नर्सिंगची शाळा सुरू झाली, तिची जागा दुसऱ्या मुलीला गेली. आश्रमातली खाटही गेली. वांगेचीनं तिला घरी आणलं. नवरा मुरीथी एवढंच म्हणाला, भाजी आणायला तिला पाठवू नको. एकदा बाजारात पोलिसांनी ओळखपत्र विचारलं होतं आणि तिला सोडवून आणायला त्यालाच जावं लागलं होतं. तेव्हापासून न्यागुथी घरातच. बाळाला न्हाऊ घालायची, मका-घेवडा शिजवायची, दारावर टकटक झाली की आतल्या खोलीत जायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.

मग शेजारणीकडे नैरोबीहून एक पाहुणी आली. छान बोलणारी, नखं रंगवलेली. मोठ्या बंगल्यात घरकाम, राहणं-खाणं तिथंच, कार्डबिर्ड कुणी मागत नाही.

“जिथं कार्ड मागत नाहीत, तिथं माणूस नाहीसं झालं तरी कुणी विचारत नाही,” वांगेची म्हणाली. “जाऊ नको.”

“इथं तरी मला शोधत कोण येतंय, ताई? येतो तो तू कोण म्हणूनच विचारतो.” न्यागुथी बाळाचे लंगोट घड्या घालत होती. “तिथं निदान पोछा मार म्हणतील.”

“बंगला कुठला? मालकाचं नाव काय?”

“पोचले की सांगते.”

पोचल्यावर तिनं दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून फोन केला. घर मोठं आहे म्हणाली, कुत्रे आहेत म्हणाली. बाळाच्या कानाशी फोन धरायला लावला. मागून कुणीतरी ओरडलं आणि फोन बंद झाला. त्या नंबरवर नंतर कुणी उचललं नाही, मग तो नंबरच लागेना. शेजारीण म्हणाली, पाहुणी लांबच्या नात्यातली, पत्ता नाही बाई माझ्याकडं.

वांगेची बाळाला पाठीशी बांधून पोलीस चौकीत गेली.

“ओळखपत्राचा नंबर?” हवालदारानं विचारलं.

“नाही. मिळालं नव्हतं.”

“बापाचं नाव? जमात?”

तिनं पाठीवरच्या बाळाची गाठ पुन्हा आवळली.

हवालदारानं पेन खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. “मास्तरीणबाई, जी मुलगी कुठं नव्हतीच, ती हरवली असं मी कसं लिहू?”

घरी आई चुलीपाशी बसली होती. वर न बघता तिनं विचारलं, “माझ्या आईचं काही कळलं?” वांगेचीनं नकारार्थी मान हलवली. आई शिजलेला मका पुन्हा ढवळत राहिली.

आता नैरोबीकडे निघालेला कुणीही भेटला, की वांगेची त्याला थांबवते. बसचा कंडक्टर, कांदेवाली, सुट्टीवरून परतणारा शिपाई. सगळ्यांना ती तेच सांगते, आणि तुम्हीही जाणार असाल तर तुम्हालाही सांगेल: उंच आहे, डाव्या भुवईत व्रण आहे, बाळं तिच्याकडे लगेच जातात. कुठल्या बंगल्यात पाहुणे म्हणून गेलात आणि अशी मुलगी चहा घेऊन आली, तर यजमानांदेखत तिला काही विचारू नका, मार बसेल. ती खुशाल आहे का, तेवढंच डोळ्यांनी बघा. आणि निघताना पाहा, मागच्या बाजूला नोकरांची खोली असते. तिची कडी बाहेरून आहे का?