लाल अंडी

सुट्टीचा शुक्रवार असला की आखातातल्या सीब शहरातल्या त्या इमारतीला उशिरा जाग येई. तिसऱ्या मजल्यावर नयनाबाईंनी पोह्यांवर झाकण ठेवलं होतं, मुलगा सलील मोबाइलमध्ये बुडाला होता, आठ वर्षांची नात आकांक्षा टीव्हीसमोर लोळत होती आणि त्यांचे यजमान रविकांत खिडकीशी पुस्तक उघडून बसले होते. पान मात्र मघापासून तेच होतं. पुण्यातल्या कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल राहिलेला हा माणूस घरात कुणाचा आवाज चढला की पुस्तकात तोंड घाली. आपलं बोलणं चुकीचं ठरलं तर, या धास्तीनेच निम्मं आयुष्य गेलेलं.

आज आवाज चढायचं काही कारणच नव्हतं. सगळं ठरून गेलं होतं. मंगळवारी सलील आणि त्याची बायको मधुवंती पुण्याला जाणार होते. "मधूला माहेरी आराम हवाय," असं शेजारीपाजारी सांगून झालं होतं. खरं काय ते घरातल्या चौघांना ठाऊक होतं. मधुवंतीला चौथा महिना सरत होता. गेल्या आठवड्यात तपासणीच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या, "मबरूक! अभिनंदन! मुलगी आहे." इथे सांगायला बंदी नाही. आपल्याकडे कायद्याने साधं विचारताही येत नाही. म्हणून विचारायचं इथे आणि निस्तरायचं तिकडे. नयनाबाईंच्या भावाच्या ओळखीचा एक डॉक्टर तयार होता.

मधुवंतीला कुणी विचारलं नव्हतं. ती पोह्यांसाठी खोबरं किसत होती आणि किसणीवरून तिची नजर हलत नव्हती.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

दारात समोरच्या फ्लॅटमधली चाओदी उभी होती. छातीशी झोळीत महिन्याभराचं बाळ, हातात रुमालाने झाकलेली वाटी. तिचा नवरा गाला या कारखान्यांच्या वसाहतीत, यंत्रांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत होता. रविकांतांची तिच्याशी ओळख खालच्या झोपाळ्यापाशी झालेली. ते आकांक्षाला घेऊन जात, ती आपल्या मोठ्या मुलीला. एकदा त्यांनी भीत भीत तिच्या नावाचा अर्थ विचारला होता. ती म्हणाली होती, "धाकट्या भावाला बोलावून आण." आईबापांनी तिला हाक मारली की मुलगा मागितल्यासारखं व्हायचं. रविकांतांना आपल्याकडच्या नकुशी आठवल्या होत्या. पण ते बोलले नव्हते.

"मून झाला, मून," चाओदी तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. मून म्हणजे महिना हे खुणेने दाखवत तिने रुमाल काढला. वाटीत उकडलेली अंडी होती, लालभडक रंगवलेली.

नयनाबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"बेबी एक महिन्याची झाली की आम्ही वाटतो," चाओदी सांगत होती. "माझ्या सासूबाई आल्या होत्या चीनहून. दुसरी पण मुलगी म्हणून तोंड असं." तिने गाल ओढून लांबट तोंड करून दाखवलं. आकांक्षा खुदकन हसली. "अंडी नको म्हणाल्या. मी म्हटलं, नो. माझ्या वेळी कुणी रंगवली नाहीत. माझ्या मागची बहीण..." ती थांबली. बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. "ती एक दिवस घरात होती. मग नव्हती. आई अजून सांगत नाही कुठे गेली. म्हणून मी खूप रंगवली. पूर्ण बिल्डिंगला."

मधुवंतीने गाऊनला हात पुसले आणि वाटी घेतली. "थँक यू," ती म्हणाली. बाळाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

दार लागलं.

"ठेव ती खाली! ओट्याला लावू नकोस," नयनाबाई किंचाळल्या. "शी! काय लोक आहेत. प्लॅस्टिकची पिशवी आण गं कुणीतरी, हाताने धरवत नाही मला." त्यांनी पिशवीत हात घालून अंडी उचलायला घेतली. तोंड असं वाकडं केलं होतं की जणू मेलेला उंदीर उचलत होत्या. "काय खातील याचा नेम नाही यांचा. मोबाइलवर बघितलंस ना सलील, जिवंत काहीतरी..."

"आई, पोहे खायचेत," सलील हसला.

"आणि ऐकलंस ना? पोरच नाहीशी केली! पोटची पोर! माणसं म्हणायची का यांना?"

"अगं आई, आता भोगतायत ना. मुलीच होऊ दिल्या नाहीत, आता लाखो पोरांना बायका मिळेनात. म्हणून यंदापासून सरकार म्हणतंय, दोन होऊ द्या. खलास! डर्टी पीपल."

"आजी, रेड कलर का केलाय?" आकांक्षाने विचारलं. "माझ्या वेळी आपण काय वाटलेलं?"

"मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, बाळा," नयनाबाई म्हणाल्या. "तुझ्या वेळी बर्फी आणली होती."

"कुणाकुणाला दिली?"

रविकांतांना तो डबा आठवला. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात राहिला होता, वर हिरवट बुरशी आली तेव्हा कामवालीने टाकला. आज इतक्या वर्षांनी त्यांना त्या बुरशीचा वास आला. पोह्यांच्या फोडणीतून, सेंटच्या वासातून, या स्वच्छ पुसलेल्या फरशीवरून तो वास वर येत होता. किळस अंड्यांची नव्हती. किळस या घरातल्या हसण्याची होती, आणि या घरात आपणही आहोत याची सगळ्यांत जास्त.

"आकांक्षा," ते म्हणाले, "बाळा, खाली जा जरा. झोपाळ्यावर चाओदी आँटी असेल."

ती गेली. रविकांतांनी पुस्तक मिटलं. ते नेमकं कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना, म्हणून छातीशी धरूनच ते उभे राहिले.

"नयना, त्या लोकांनी... म्हणजे त्या बाईच्या आईने... जे केलं..." शब्द अडखळले. "मंगळवारी आपण काय करायला चाललोय?"

सलीलने मोबाइल पालथा ठेवला.

"अहो, तुम्हाला काय कळतं यातलं?" नयनाबाई सावरून म्हणाल्या. "ते वेगळं. ती जन्मलेली पोर. हे अजून काही आहे का? डॉक्टरच करणार ना? स्वच्छ, हॉस्पिटलात."

"स्वच्छ," रविकांत म्हणाले. "हो. पिशवीत हात घालून."

"बाबा, प्लीज," सलील उठला. "तुम्ही वाचा तुमचं. खर्च कोणाचा, करिअर कोणाचं? एक मुलगी आहे आम्हाला. आय अ‍ॅम नॉट अगेन्स्ट गर्ल्स."

"मी तुमच्याबरोबर येतो," रविकांत म्हणाले. या वेळी आवाज अडखळला नाही याचं त्यांनाच नवल वाटलं. "पुण्यात उतरलो की आधी पोलिसांत जाईन. त्या डॉक्टरचं नाव सांगेन. तुझं सांगेन, तुझ्या मामाचं सांगेन. नयना, तुझंही सांगेन."

"स्वतःच्या मुलाला तुरुंगात घालाल?"

"घालेन. वाईट वाटेल मला. फार वाईट वाटेल. तरी घालेन."

सलील काहीतरी बोलायला गेला, पण मध्येच थांबला. ओट्यापाशी टिकटिक असा बारीक आवाज झाला होता.

मधुवंतीने सासूबाईंच्या हातातल्या पिशवीतून एक अंडं काढलं होतं आणि ओट्याच्या कडेवर ती ते हलकेच आपटत होती. या स्वयंपाकघरात आजवर अंडं आलं नव्हतं. कवच सोलताना तिची बोटं लाल झाली. आतल्या पांढऱ्यावरही कुठेकुठे रंग झिरपला होता.

"मधू! काय करतेस?" नयनाबाई ओरडल्या. "ओकशील!"

"ओकेन," मधुवंती म्हणाली. "रोज ओकतेच आहे."

तिने घास घेतला. चावताना डोळे मिटले, गिळायला वेळ लागला. मग दुसरा घास घेतला. सगळं अंडं संपवून तिने लाल बोटं पोटावर ठेवली. फिकट गाऊनवर पाच ठसे उमटले.

"सलील, तिकीट रद्द कर," ती म्हणाली. "माझं. तुला जायचं तर तू जा."

"मधू, नीट विचार..."

"आठवडाभर तुम्ही सगळ्यांनी केलाय ना विचार? आता माझा ऐका. मी जाणार नाही."

नयनाबाई खुर्चीवर बसल्या. हातात अजून ती पिशवी होती. त्यांनी ती टाकली नाही की खालीही ठेवली नाही, नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

मधुवंती सिंकपाशी गेली, नळ सोडला, पण हात धुतलेच नाहीत. नळ बंद करून ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, तुमची ओळख आहे ना तिच्याशी? जरा खाली जाऊन विचारून याल?"

"काय विचारू?"

"हा लाल रंग कुठे मिळतो ते. मलाही लागणार आहे, पूर्ण बिल्डिंगला पुरेल एवढा."

रविकांतांनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते चपला शोधायला लागले.