अडकित्त्याने कापलेली गोळी

रिकामी पुडी दाखवल्याशिवाय नवी गोळी मिळणार नाही, हा नियम माझा होता, सरकारचा नव्हे. सत्त्याहत्तर साल. नागपुरातल्या टीबीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, आणि खिडकीपलीकडची रांग मला मनोहरराव कमी आणि जमदग्नी जास्त म्हणायची. म्हणू दे. लोक दोन महिने गोळ्या खायचे, खोकला थांबला की उरलेल्या कोनाड्यात टाकायचे आणि वर्षभराने रक्त ओकत परत यायचे. अशांशी गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

जिजाबाई मात्र माझी लाडकी. तिचा मुलगा रुपराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळशावर कामाला होता. त्याच्या गोळ्या न्यायला ती महिन्याच्या पहिल्या सोमवारी बसने यायची आणि रिकाम्या पुड्या सरळ करून, दोऱ्याने बांधून आणायची. मी तो गठ्ठा रांगेला दाखवायचो आणि म्हणायचो, याला म्हणतात औषध घेणं. ती पदर तोंडावर ओढायची. मला वाटायचं, लाजते.

आठव्या महिन्यात रुपरावचा ताप उलटला. थुंकीत पुन्हा जंतू दिसले. डॉक्टर त्याला रागावले, गोळ्या चुकवतोस म्हणाले. मी मध्ये पडलो. पुड्या मी स्वतः मोजतो, एकही कमी नाही, असं छातीठोकपणे सांगितलं. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. थुंकी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली आणि उत्तर येईपर्यंत तीच गोळी चालू ठेवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं. या जंतूंवर ती गोळी आता चालत नव्हती.

मला ते पटेना. त्याच रविवारी मी खापरखेड्याची बस धरली.

क्वार्टरचं दार उघडंच होतं. जिजाबाई पाटासमोर बसली होती, हातात सुपारीचा अडकित्ता. तिने एक गोळी त्यात धरली, एक डोळा मिटून अंदाज घेतला आणि बरोबर मधोमध कापली. पाटावर सांडलेला भुगा बोटाने टिपून दोन्ही तुकड्यांना सारखा लावला. एक तुकडा रुपरावच्या हातावर ठेवला. दुसरा घेऊन ती आतल्या खोलीत निघाली. तिथे तिची मुलगी शामला खोकत होती.

मी उंबऱ्यातच ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हळूहळू सगळं बाहेर आलं. शामलाचं लग्न धरमपेठेतल्या एका घरी ठरलं होतं. टीबीच्या दवाखान्यात तिच्या नावाचं कार्ड निघालं असतं, तर ते मोडलं असतं. म्हणून सहा महिने एकाच्या गोळ्यांवर दोघं चालली होती. अर्ध्या गोळीने जंतू मरत नाही, उलट गोळी पचवायला शिकतो, आणि तोच शिकलेला जंतू आता पोरीच्याही छातीत असणार, असं मी सांगितलं.

"दोन लेकरं हायेत भाऊ माह्ये," जिजाबाई म्हणाली. "घरात एक आंबा आला तरी दोघाइले सारखाच जाते. मंग औषध एकट्याले काहून देऊ?"

माझा राग तिथेच बसला आणि मला माझीच लाज वाटली. पुड्या रिकाम्या होत्या, हे खरं होतं. कोणाच्या पोटात रिकाम्या झाल्या, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

शामलाच्या थुंकीतही तोच जंतू निघाला. डॉक्टरांनी मुंबईला पत्रांवर पत्रं लिहून नव्या लाल कॅप्सूल मागवल्या. इंजेक्शनांच्या जोडीने त्या वर्षभर घ्यायच्या होत्या. आल्या त्या एका माणसापुरत्या. वाटून दिल्या तर हेही औषध वाया जाईल आणि दोघंही जातील, असं त्यांनी बजावलं. कोणाला द्यायच्या ते घरच्यांना विचार, असं मला सांगून ते वॉर्डात निघून गेले.

सोमवारी जिजाबाई रुपरावला घेऊन खिडकीशी आली. मी सगळं समजावलं. तिने एक कॅप्सूल तळहातावर घेतली, नखाने दाबून पाहिली.

"हे कापता येत नाही का गा, भाऊ?"

मी मान हलवली. कोरं कार्ड पुढे ओढलं आणि नाव कोणाचं लिहू, असं विचारलं. माझा आवाज नेहमीसारखा चढला नाही. ती मुलाकडे बघत राहिली. तो फरशीकडे बघत होता.

"सांग ना, माय," तो म्हणाला.

जे नाव तिने इतके महिने कुठल्याच कार्डावर येऊ दिलं नव्हतं, ते तिने भरल्या रांगेसमोर सांगितलं. मी लिहिलं. रुपरावला खोकल्याची उबळ आली, म्हणून तो बाजूला जाऊन भिंतीला टेकला.

जिजाबाईने सवयीने पिशवीतून दोऱ्याने बांधलेला गठ्ठा काढला आणि खिडकीत ठेवला. मी तो मोजला नाही.