माझ्या शेपटीतला क्रूस

मित्रांनो, मी एक जुने, एकाच माणसाला बसता येईल असे विमान आहे. वसईतल्या एका केळीच्या वाडीत, छपराखाली माझा जन्म झाला. विमानांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या आलोशियसकाकांनी नळ्या, फळ्या आणि कापड जोडून मला बनवले. दिसायला मी टोळासारखे होते, पण ऐट काय सांगू!

पहिल्या चाचणीत मी जमिनीपासून हातभर उचलले गेले आणि माझे नाक वर-खाली डुलायलाच लागले. काका म्हणाले, "शेपटी तोकडी पडतेय." मग त्यांनी मला मोठी, रुंद शेपटी बसवली, आणि तोल बरोबर जमेपर्यंत माझे वजन पुढे-मागे केले. "आता मागे एक नारळसुद्धा जास्त चालणार नाही," त्यांनी सालोमीकाकूंना सांगितले.

१९९९च्या उन्हाळ्यात मला मिठागराजवळच्या मैदानात आणले. काका-काकू आशीर्वादासाठी चर्चच्या फादरांना आणायला गेले आणि राखणीला राहिले काकूंचे भाऊ सॅन्टन. ते पाचूबंदरला होड्या बांधायचे. त्यांच्या घरची रीत अशी, की नव्या होडीच्या मागच्या टोकात शिसवी लाकडाचा क्रूस लपवायचा. कुणाची नजर लागू नये म्हणून! त्यांनी तसाच जड क्रूस माझ्या शेपटीच्या पोकळीत घट्ट बसवला आणि वर झाकण लावले.

मित्रांनो, मला तोंड नव्हते. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले, काका हसत आत बसले, काकूंनी हात हलवला. मला मात्र शेपटीतले ते जास्तीचे ओझे जाणवत होते. थांबा, काका, थांबा!

मी धावले. काकांनी नाक वर-खाली करायचा दांडा ओढण्याआधीच माझे नाक वर गेले. त्यांनी दांडा पुढे ढकलला, अगदी टोकापर्यंत. तरी नाक वरच! समोर नुसते आभाळ. वेग मंदावला, पंख थरथरू लागले. "जेजू!" एवढे येशूचे नावच काकांनी घेतले. मग त्यांनी इंजिन मंद केले, पट्टा सोडून सगळे अंग पुढे झोकले. नाक कसेबसे वाकले. आम्ही धाडकन मिठागराच्या चिखलात आदळलो. माझे एक चाक निखळले. काका मात्र वाचले.

सॅन्टन धावत आले. "भाऊजी, क्रूस होता म्हनून वाचलात!"

"कुठला क्रूस?"

"शेपटीत बसवलाय ना मी. त्याच्याबिगर होडी पान्यात जाते का? तुम्ही तर वर जानार होतात!"

काकू रडता रडता ओरडल्या, "अरे, विचारायचंस तरी!"

काका खाली चिखलात उतरले. मग म्हणाले, "सॅन्टन, काढ तो. आणि माझ्यासमोर, नाकात बसव."

तो क्रूस आजही माझ्या नाकात आहे. काका थकले, मी छपराखालीच असते. वाडीतली मुले खेळायला येतात आणि दप्तरे माझ्या शेपटीला अडकवतात. आता मला उडायचे नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही दर वेळी माझे नाक आभाळाकडे वळल्यासारखे वाटते आणि मी थरथरते. मित्रांनो, कुणावर कितीही माया असली, तरी त्याच्या पाठीमागे गुपचूप काही लादू नका. आधी विचारा. माझ्यासारख्यांना नाही म्हणता येत नाही.