मागावरची खूण

कापडगिरणीच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून मागावरच्या बायका हातांनी बोलत. धागा तुटला, मुकादम आला, गेला मेला एकदाचा, सगळं हातांनी. लेकीने त्याच बोलीचा चित्रपट केला होता. पडद्यासमोर कुणी खूण केली, की कॅमेरा ती ओळखायचा आणि पडद्यावरची म्हातारी कामगारीण हातांनीच उत्तर द्यायची.

आजारपणात आईची वाचा गेली, मग हळूहळू माणसंही पुसली गेली. लेकीकडे ती परक्या बाईकडे बघावं तशी बघे. लेकीने वस्तीतलं एकेक दार ठोठावून हे उभं केलं होतं. वस्तीसाठी, असं ती सगळ्यांना सांगे. हवं होतं ते आईचं एक उत्तर.

"अगं, हिला पुढे आण की!" तोफ ओरडली. ही आईची शेजारच्या मागावरची जोडीदारीण, पडद्यावरची म्हातारीही हीच. गिरणी सुटली तरी आवाज खाली आला नव्हता. "माझं थोबाड काय बघताय? एवढं मोठं पाहून नातवाने जेवण सोडलंय!"

सभागृहात हशा पिकला. लेकीने आईला पडद्यासमोर आणलं.

आईचे हात उठले. एक तळवा छातीवर, दुसरा दाराकडे. पुन्हा तेच. पडद्यावरची बाई ढिम्म.

"आई, दुसरी कर ना. धागा तुटल्याची कर."

आई कासावीस होऊन तीच खूण करत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"मावशी, काय म्हणतेय ती? ही तुम्ही मला दाखवलीच नाहीत!"

"चोरीचा मामला होता गं. कळलं असतं तर कामावरून काढलं असतं." तोफेचा आवाज पहिल्यांदाच उतरला. "लेकरू रडतंय, पाजून येते, माझा माग सांभाळ."

"कुठलं लेकरू?"

"तुला भावंडं किती?"

लेकीने आईचा चेहरा ओंजळीत धरला. "आई, मीच ती. बघ ना गं माझ्याकडे!"

आईने मान वळवून तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि हात पुन्हा उचलला.

तोफेला ते बघवेना. ती उठून पडद्यापुढे आली आणि तिने बोटं हलवली: जा, मी बघते.

आईचा चेहरा उजळला. लेकीने दंड धरला, तो तिने हिसडून सोडवला. वाटेत कडमडणाऱ्या त्या बाईला कोपराने बाजूला सारून ती जवळजवळ धावतच दाराबाहेर पडली.