बशीतला मुळा

"नोझावासान, छापायला गेलेला लेख परत मागवता येतो का?"

कामादा शिझुए माझ्या दारात उभी होती. बुटांवरचा बर्फ झटकायचंही तिला भान नव्हतं; माझ्या पायपुसण्यावर त्याचं पाणी होत होतं. कुणाचा लेख, असं मी मान वर न करताच विचारलं. तिनं उत्सुमी सेन्सेईंचं, म्हणजे आमच्या उत्सुमी बाईंचं, नाव घेतलं आणि मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

आमच्या महिला विद्यापीठाचा संशोधन अंक दर वर्षी मार्चमध्ये निघतो आणि तो काढायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे लेख मागायचे, उशीर करणारणींच्या मागे लागायचं, चुका काढायच्या आणि वर बोलणी खायची. आमचा अंक म्हणजे सगळा बाजार एका पिशवीत. त्या वर्षी बालवाडीतली मुलं चित्रात आईचे हात केवढे काढतात यावर एक लेख होता, जुन्या दरबारी बायकांच्या आजारपणांवर एक, ओटा किती उंच असला म्हणजे पाठ दुखत नाही यावर एक, आणि तांदळाची मोची दुसऱ्या दिवशी कडक का होते हे तर आम्ही कितीतरी वर्षं छापतोच आहोत. तोक्योची मंडळी आमच्या अंकाला हसतात. हसोत बापडी. घरातली बाई दिवसभर जे करते, त्याकडे कुणीतरी नीट बघतंय याचं मला बरं वाटतं.

उत्सुमी तोयोको सेन्सेईंचा लेख अंकात पहिला होता. मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि निवृत्त होणाऱ्या बाईंचा लेख पहिला, ही आमच्याकडची रीत. विषय त्यांचा जन्माचा: मीठ. आमच्या उत्तरेत हिवाळा लांबतो, भाजी खारवूनच टिकवावी लागते, आणि चांगली धडधाकट माणसं रक्तदाब चढून, अंगणातला बर्फ उपसता उपसता एकदम कोसळतात. सेन्सेईंचे वडील तसेच गेले. त्या तेव्हा इथंच शिकत होत्या. मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात मीठ निम्मं करायचं आणि चव मात्र तीच ठेवायची, हा ध्यास त्यांनी तेव्हा घेतला. वाळवलेले मासे, अळंबी, समुद्रातलं शेवाळ, सगळं उकळून झालं. आणि शेवटी, निवृत्तीच्या वर्षी, ते जमलं. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलावून दोन्ही सारं चाखवली, आणि बहुतेक सगळ्यांनी दोन्हींत फरक नाही असं सांगितलं. नगरपालिका तर एप्रिलपासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या डब्यात तेच सार देणार होती.

शिझुए आणि सेन्सेई एका वर्गातल्या. सेन्सेई पुढे शिकायला गेल्या. शिझुएची सासू अंथरुणाला खिळली, म्हणून ती प्रयोगशाळेत मदतनीस लागली आणि तिथंच राहिली. मुलींसमोर एक "सेन्सेई" आणि दुसरी "कामादासान". दार लागलं की "तोयो" आणि "शिझु". माझ्यासमोरही त्या तशाच बोलत. माझ्या खोलीत बसून त्या दोघी बटाटा किती उकडावा यावर कडकडून भांडल्याचं मी ऐकलं आहे.

"काय झालंय?" मी विचारलं.

ती खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, "मी मुळा ठेवला."

मग तिनं सगळं सांगितलं. चाखायच्या खोलीत लाकडी आडोसे असतात, एकीनं दुसरीचा चेहरा बघायचा नाही. कागदी पेल्यात सार, बाजूला चूळ भरायला पाणी, बाकी काही नाही. जिचा प्रयोग आहे ती बाहेर थांबते, तिच्या तोंडाकडे बघून कुणी उत्तर द्यायला नको म्हणून. म्हणजे आत शिझुए एकटी. आणि त्या दिवशी म्हाताऱ्या भर बर्फातून चढ चढून आल्या होत्या, डोक्यावरचे रुमाल ओले.

"पेले मांडले मी," ती म्हणाली. "पण बाजूला काहीच नाही हो. नुसता पेला. माझा हातच पुढे होईना. शेवटी माझ्या डब्यातला मुळा काढला, बशीत दोन-दोन चकत्या."

हे दुसरीकडच्या माणसाला पटणार नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला नुसता चहा देणं म्हणजे त्याला ऊठ म्हणणं. चुलीवर धुरी दिलेला, मग कोंड्यात नि मिठात मुरवलेला मुळा बशीत हवाच. पोस्टमनपुढेसुद्धा ठेवतात. आणि शिझुएचा मुळा तर असा, की एक चकती चावली तर पुढे साधं पाणीही खारट लागावं. मग त्या सारात मीठ निम्मं होतं की नव्हतंच, जिभेला कळणार कसं?

"हे तुमच्या आज लक्षात आलं?" माझा आवाज जरा चढलाच.

आदल्या दिवशी गरम पाण्याच्या झऱ्यावर, अंघोळीला, तिला नारिता आजी भेटल्या होत्या. त्याही चाखायला आलेल्या. खांद्यापर्यंत पाण्यात बसून हसत हसत म्हणाल्या, "तें सार म्हंजे भांडी विसळलेलं पाणी गं बाई! तुझा मुळा व्हता म्हून उतरलं घशाखाली." शिझुए केस न धुताच बाहेर पडली होती.

मी तिला सांगितलं, लेख मागे घ्यायचा तर जिचा आहे तिनं घ्यायचा, मला तो अधिकार नाही. सेन्सेई शेवटचं प्रूफ बघायला दुपारी येणारच होत्या. शिझुए तोवर तिथंच बसून राहिली. मी दिलेला चहा तिनं घेतला नाही.

सेन्सेई आल्या त्या खुशीत. हातात माझ्यासाठी गोड डाळीच्या बन्सची पुडी. "तू इथं काय करतेस गं? मुली तुला शोधतायत," त्या शिझुएला म्हणाल्या. शिझुए उभी राहिली, कंबरेत वाकली आणि तशीच वाकलेली राहून तिनं सगळं सांगितलं.

"सगळ्यांना दिलास?"

"सगळ्यांना."

"खोलीचे नियम तूच टाइप केले होतेस ना?"

"हो."

"मग?"

"त्या बर्फातून आल्या होत्या, तोयो."

सेन्सेई प्रूफाच्या कागदांकडे बघत होत्या. "मी आत असते तर?"

"तर तुझ्यापुढेही ठेवला असता. तू नेहमीसारखी बशी मागे सारली असतीस."

वडील गेल्यापासून सेन्सेईंनी मुळ्याला हात लावला नव्हता. सगळ्या विद्यापीठाला ते ठाऊक होतं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कामादासान," त्या म्हणाल्या, "तुम्ही आता प्रयोगशाळेत जा."

खोलीत एकही मुलगी नव्हती. दार लावलेलं होतं. शिझुएनं मान वर केली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि ती गेली. इतक्या वर्षांत त्या दोघींना भांडताना मी पुष्कळ पाहिलं, पण दार लागल्यावर ही हाक कधी ऐकली नव्हती.

सेन्सेई शिझुएच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आपला अंक कोण वाचतं हो, नोझावासान?"

"फारसं कुणी नाही," मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, आता त्या प्रूफावर सही करतील. मी त्यांना दोष दिला नसता.

"पण म्हातारी माणसं डबे तर खाणार आहेत," त्या म्हणाल्या. "एक घोट घेतील, तोंड वाकडं करतील आणि वरून सोया सॉस ओततील. म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त मीठ." कागद त्यांनी तसेच ठेवले आणि माझ्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली.

म्हाताऱ्यांना पुन्हा बोलावलं गेलं. या वेळी पेले मुलींनी मांडले, बाजूला फक्त पाणी. सेन्सेईंनी आधीच वाकून सांगितलं, की माझं मन राखायला काही सांगू नका, मला खरं हवं आहे. म्हाताऱ्यांनी खरं सांगितलं. सार पाणचट होतं. नारिता आजींनी तर आडोशावरून डोकं काढून आज मुळा नाही का म्हणून विचारलं. शिझुए त्या दिवशी तिथं नव्हती. तिला भांडी ठेवायच्या खोलीत काम दिलं होतं. सेन्सेई दुसऱ्या दिवशी स्वतः नगरपालिकेत जाऊन डब्यांचं थांबवून आल्या.

लेख अंकातून काढला गेला. त्याच्या जागी सेन्सेईंनी मला एकच पान दिलं. प्रयोग फसला, का फसला, एवढंच त्यात होतं. शेवटची वाक्यं मी प्रूफ वाचताना पुन्हा पुन्हा वाचली: 'आमच्या भागात पाहुण्यापुढे नुसतं सार ठेवत नाहीत. प्रयोग आखताना हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी इथलीच आहे.' शिझुएचं नाव कुठंच नव्हतं. ती पुन्हा माझ्याकडे आली, माझं नाव घाला म्हणाली, चूक माझी आहे. मी तिला तेच उत्तर दिलं: जिचं पान आहे तिनं घालायचं. ती सेन्सेईंकडे गेली नाही. त्या दोघी एका खोलीत काम करत होत्या आणि "सेन्सेई", "कामादासान" एवढंच बोलत होत्या, दार लावलेलं असतानाही.

मार्चच्या शेवटच्या दिवशी अंकाच्या प्रती घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. फुलांचे गुच्छ, मुलींचं रडणं सगळं उरकलं होतं. सेन्सेईंचं सामान खोक्यांत बांधून झालं होतं आणि त्या गाडीची वाट बघत कोट घालून बसल्या होत्या. शिझुएनं चहा आणला. एक पेला त्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे. बाजूला काही नाही.

सेन्सेईंनी पेल्याकडे बघितलं. हात लावला नाही. अंक उघडून स्वतःचं पान बघितलं, मिटला. चहाची वाफ विरली, तरी त्या तशाच बसून होत्या. मीही प्यायले नाही. शिझुए ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

मग तिनं कपाट उघडलं. सुरीचा आवाज झाला. बशी आणून तिनं सेन्सेईंपुढे ठेवली आणि लगेच दोन पावलं मागे सरली, कारण ती बशी मागे येणार हे तिला माहीत होतं.

सेन्सेईंनी एक चकती उचलली आणि तोंडात टाकली. त्या शांत खोलीत कुरकुर आवाज झाला. त्यांनी पुरती चावून खाल्ली. डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"फार खारट आहे गं, शिझु," त्या म्हणाल्या.

सेन्सेईंनी दुसरी चकती घेतली नाही. पण बशीही मागे सारली नाही. गाडी येईपर्यंत ती त्यांच्या हाताशीच होती.